प्रौढांचे हक्क आणि मुलांची कोंडी

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, शिक्षक व कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे या तत्त्वांचे स्वरूप आहे. या विषयावर कायदा होत नाही तोवर ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या निकालाची चर्चा झाली ती मुख्यतः शिकवणीवर्ग आणि परीक्षांचा ताण यांच्या अनुषंगाने. ती होणे योग्यच होते. परंतु याच तत्त्वांमध्ये आणखी एक सूचना आहे. उपेक्षित वर्गांतील विद्यार्थ्यांशी समजूतदारपणे कसे वागावे याचे शिक्षण शिक्षकांना मिळाले पाहिजे, असे सांगताना न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांच्या बरोबरीने समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांचाही उल्लेख केला आहे. ज्या विद्यार्थ्यांचे अस्तित्वच आपल्या शाळा मान्य करीत नाहीत, त्यांचा उल्लेख देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने शाळांना दिलेल्या आदेशात व्हावा, ही घटना साधी नव्हे. या उल्लेखाचा अर्थ नीट समजून घेतला नाही, तर तो कागदावरच राहण्याचा धोका आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचा प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग घटनाबाह्य ठरविला. १८६० साली इंग्रजांनी लादलेले हे कलम तोवर जवळजवळ एकशे अठ्ठावन्न वर्षे टिकले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर या कलमाला स्थानच नाही. कायद्याच्या दृष्टीने हा प्रवास मोठा आहे यात शंका नाही. तथापि २०१८ च्या निकालाने जो दिलासा दिला तो ‘प्रौढांना’ आणि त्यांच्या ‘खाजगी’ आयुष्याला दिला. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. तो प्रौढ नसतो आणि त्याच्या आयुष्याला खाजगीपण नसते. त्याचा भ्रमणध्वनी घरचे तपासतात, त्याच्या वह्या शिक्षक चाळतात, त्याच्या चालण्याबोलण्यावर सारी गल्ली मत देते. हक्क बजावण्यासाठी जो पैसा, जे स्वतंत्र छप्पर आणि जी ओळखपाळख लागते, ती त्याच्यापाशी नाही. ज्यांच्यावर तो सर्वस्वी अवलंबून आहे, त्यांचीच त्याला सर्वाधिक भीती वाटत असते.

घरातले एकटेपण

अल्पसंख्य हा शब्द आपल्या राजकारणात इतका वापरला गेला आहे, की त्यातील एक मूलभूत गोष्ट नजरेआड होते. जातीवरून वा धर्मावरून शाळेत अपमानित झालेले मूल संध्याकाळी ज्या घरी परतते, तेथे आईवडिलांनी तोच अपमान सोसलेला असतो. त्याला कसे तोंड द्यायचे, कोठे गप्प बसायचे आणि कोठे उलटून बोलायचे, याचा काही एक वारसा त्या घरात असतो. त्याने अन्याय कमी होत नाही. पण अन्यायाचे दुःख वाटून घेणारे कोणी तरी असते. समलिंगी किंवा पारलिंगी मूल मात्र आपल्या घरातही अल्पसंख्यच असते. बहुधा एकटेच असते. शाळेत ‘बायल्या’ म्हणून ज्याची टिंगल होते, तो मुलगा ही तक्रार घरी कोणत्या तोंडाने सांगणार? तक्रार सांगायची तर तिचे कारणही सांगावे लागते, आणि कारण सांगितले तर शाळेतली शिक्षा घरीही सुरू होण्याची भीती असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुलींच्या बाबतीत ही कोंडी आणखी आवळते. मुलाला निदान रस्त्यावर, मैदानावर, वसतिगृहात थोडा अवकाश मिळतो. मुलीविषयी नुसता संशय आला तरी तिचे शिक्षण थांबविणे आणि लग्न उरकून टाकणे हा उपाय आजही अनेक घरांत सहज सुचतो. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ या एका वाक्याने किती आयुष्यांची माती केली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यात ज्याचे वा जिचे लग्न लावले जाते ती व्यक्ती तर भरडली जातेच. पण ज्या अजाण माणसाशी ते लावले जाते, त्याचा वा तिचा त्या व्यवहारात काय अपराध असतो?

दुखणे कोठे आहे?

या मुलांमध्ये नैराश्य, चिंता आणि आत्मघाताचे विचार यांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळते, ही गोष्ट आता वादातीत आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात अकरावीच्या सुमारे ३२ हजार विद्यार्थ्यांची पाहणी करून मार्क हॅट्झनब्यूलर यांनी २०११ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत समलिंगी व उभयलिंगी विद्यार्थ्यांपैकी २१.५ टक्के मुलांनी आदल्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. इतर मुलांत हे प्रमाण ४.२ टक्के होते. एवढाच आकडा वाचून कोणी म्हणेल, की दोष मुलांच्या घडणीतच आहे. वास्तविक त्याच पाहणीने या तर्काला उत्तर दिले आहे. ज्या भागांतील शाळांमध्ये अशा मुलांना संरक्षण देणारे नियम होते, त्यांचे गट होते, एकंदर वातावरण सामावून घेणारे होते, तेथील मुलांच्या तुलनेत प्रतिकूल भागांतील अशाच मुलांमध्ये धोका २० टक्क्यांनी अधिक होता. दोन्हीकडची मुले सारख्याच घडणीची होती. बदल होता तो भोवतालात.

कॅलिफोर्नियातील संशोधक केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हीच गोष्ट कुटुंबाच्या बाबतीत दाखवून दिली. पौगंडावस्थेत ज्यांना घरच्यांनी तीव्रपणे झिडकारले होते, अशा तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, ज्यांना घरच्यांनी फारसे झिडकारले नव्हते त्यांच्यापेक्षा आठ पटींहून अधिक होते. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, ज्या मुलांना स्वीकारणारी निदान एक तरी प्रौढ व्यक्ती त्यांच्या आयुष्यात होती, त्यांच्यात अशा प्रयत्नांचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. त्यासाठी घराणे वा गाव बदलावे लागले नव्हते. एक मामा, एक मावशी किंवा एक शिक्षिकाही पुरेशी होती.

हे सारे आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे, असा आक्षेप घेतला जाईल. ती निराळी आहे हे खरे. पण ती अधिक सुखाची आहे असे मानण्यास आधार नाही. युनेस्कोने तमिळनाडूत ‘सहोदरन’ या संस्थेच्या सहकार्याने सुमारे पावणेचारशे तरुणांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. माध्यमिक शाळेत शारीरिक छळ सोसल्याचे त्यांतील सुमारे ६० टक्क्यांनी सांगितले, आणि शाळा सुटण्यामागे हा छळ हे एक प्रमुख कारण होते असे सुमारे एकतृतीयांश जणांनी सांगितले. तेव्हा मुलाच्या मनावर इलाज करीत बसायचे आणि भोवतालाला हात लावायचा नाही, हा प्रकार रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातला आहे.

‘बरे करण्याचा’ धंदा

रोग नसताना औषध विकणारेही पुष्कळ आहेत. समलिंगी आकर्षण हा मनोविकार नाही, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी ते विकारांच्या सूचीतून वगळले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या सूचीत तर पारलिंगी असणेही मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढण्यात आले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हीच भूमिका जाहीर केली. असे असूनही मुलाला ‘सरळ’ करून देण्याचा दावा करणारे आपल्याकडे सापडतात, आणि त्यांत केवळ बुवा-भगतांचाच नव्हे तर पदवीधर डॉक्टरांचाही समावेश असतो. एके काळी भारतातही विजेचे धक्के देऊन हे आकर्षण घालविण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांतून आकर्षण गेले नाही. आत्मसन्मान मात्र गेला.

मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या भीतीने चेन्नईत आश्रयाला आल्या, तेव्हा त्यांचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आले. आपल्याला हा विषय पुरेसा समजत नाही हे उघडपणे सांगून त्यांनी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला आणि मगच ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या प्रयत्नांना त्या आदेशाने मनाई केली. पुढे याच खटल्याच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. उच्च न्यायालयाचा एक न्यायमूर्ती शिकायला तयार होतो, तर मुख्याध्यापकांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

तरीही येथे एक अडचण उरतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला. परंतु अज्ञान मुलाच्या बाबतीत त्याच्या वतीने निर्णय घेणारा पालकच असतो. म्हणजे मुलाने कोणत्या डॉक्टरकडे जायचे हे पालक ठरविणार, आणि पालकांना कोणता डॉक्टर हवा असतो, तर ‘मुलगा पूर्वीसारखा करून देतो’ असे सांगणारा. ज्या बाजारात माल वापरणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, तेथे विक्रेता किंमत मोजणाऱ्याच्या मनासारखे बोलतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. म्हणूनच केवळ आयोगाने परिपत्रक काढून हा धंदा थांबणार नाही. त्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय आणि तक्रारीवर कारवाई झाल्याची उदाहरणे दिसली पाहिजेत.

पालक, परंपरा आणि ‘पाश्चात्त्य खूळ’

पालकांना खलनायक ठरविण्याने काहीच साधणार नाही. बहुसंख्य पालकांच्या रागाच्या मुळाशी भीती असते. मुलाचे कसे होईल, म्हातारपणी त्याला कोण पाहील, त्याच्या बहिणीचे लग्न ठरेल काय, भाऊबंद काय म्हणतील, हे प्रश्न त्यांना पडतात, आणि त्यांची उत्तरे देणारे कोणीच भेटत नाही. मुंबईत २०१७ साली अशा मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन ‘स्वीकार’ हा गट सुरू केला. पुण्यात २००२ पासून ‘समपथिक’ ही संस्था काम करीत आली. ज्या आईने हा डोंगर ओलांडला आहे, तिचे चार शब्द तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा दुसऱ्या आईला अधिक धीर देतात. असे गट मोठ्या शहरांपुरते न राहता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले पाहिजेत.

हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहासही ठाऊक नसावा. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्न विचारणारे ते वाचक मराठीच होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. महाविद्यालयात शिकणाऱ्या, दुसऱ्या मुलीवर जीव जडलेल्या एका मराठी मुलीची ती शोकांतिका आहे. मराठी प्रेक्षकाने ती पाहिली, नावाजली, आणि महाविद्यालये जशीच्या तशी राहिली. २००७ मध्ये तर किशोरवयीनांसाठीचा शिक्षणक्रम नको म्हणणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. जे शाळेने सांगायचे नाकारले, ते मुले आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून शिकतात; आणि तेथे खरे-खोटे निवडून देणारा कोणी नसतो.

जे मोजले जात नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. यांपैकी किती मुले या कोंडमाऱ्याने गेली, हे त्या अहवालावरून कळू शकत नाही. ‘परीक्षेत अपयश’, ‘कौटुंबिक कलह’, ‘प्रेमप्रकरण’ हे रकाने तेथे आहेत. या दुःखाला रकाना नाही. घरच्यांना कारण ठाऊक असले तरी ते पोलिसांना सांगत नाहीत. रकाना नाही म्हणून संख्या नाही, संख्या नाही म्हणून योजना नाही आणि योजना नाही म्हणून पैसा नाही, असे हे दुष्टचक्र आहे. अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी जागतिक बँकेसाठी २०१४ साली केलेल्या अभ्यासात, अशा नागरिकांना वगळल्यामुळे भारताचे होणारे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्क्यांपर्यंत असू शकेल असा अंदाज बांधला होता. अंदाजाच्या दोन टोकांमधील हे अंतरच माहितीचा दुष्काळ केवढा आहे ते सांगते. शाळेतून गळालेला हुशार मुलगा पुढे जे कमावू शकला असता, ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. अर्थात मुलाचे आयुष्य वाचविण्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा दाखला द्यावा लागावा, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

काय करता येईल?

भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. २०१९ च्या सुमारास हे प्रमाण ०.७५ होते. महाराष्ट्रातील शाळांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. तेव्हा न्यायालयाने सांगितलेले समुपदेशक रातोरात मिळणार नाहीत हे उघड आहे. घाईघाईने कंत्राटी माणसे नेमून रकाने भरले गेले तर लाभाऐवजी हानी होईल. कारण अर्धशिक्षित समुपदेशक सर्वप्रथम पालकांना बोलावून मुलाचे गुपित फोडतो. म्हणून पहिली गरज आहे ती गोपनीयतेच्या लेखी नियमाची. जिवाला धोका असल्याखेरीज मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना घरी वा शिक्षककक्षात जाणार नाही, हे राज्य सरकारने स्पष्ट केले पाहिजे. मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यामुळे गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि त्या धास्तीने अनेक समुपदेशक हा विषय निघाला की बोलणेच थांबवितात. आकर्षण वाटणे किंवा ते बोलून दाखविणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही, एवढा खुलासा जरी शाळांपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ मुलांना बोलता येईल.

दुसरी गोष्ट छळाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल व लिंगभाव यांवरून होणाऱ्या छळाचा समावेश केला. तोच नियम शाळांच्या पातळीवर यावा. कारण छळाची सुरुवात महाविद्यालयात होत नाही, पाचवी-सहावीतच होते. तिसरी गोष्ट शिक्षक-प्रशिक्षणाची. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्यासंबंधी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेले साहित्य २०२१ मध्ये गदारोळ होताच संकेतस्थळावरून काढून घेण्यात आले. असे साहित्य मराठीत, इथल्या शाळांची उदाहरणे घेऊन तयार करणे राज्याला अशक्य नाही. आणि ‘टेलि-मानस’ ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावण्यास, आणि तेथे उत्तर देणाऱ्यांना या विषयाचे शिक्षण देण्यास, फार मोठा खर्च येणार नाही.

यांतील कोणत्याही उपायासाठी समाजाचे संपूर्ण मतपरिवर्तन होण्याची वाट पाहावी लागत नाही. विवाहाचा हक्क, वारसा, दत्तक हे प्रश्न वादाचे आहेत आणि ते वाद संसदेत व न्यायालयात चालत राहतील. शाळेत मूल सुरक्षित असावे, डॉक्टरने त्याला फसवू नये आणि घराने त्याला घराबाहेर काढू नये, या तीन गोष्टींविषयी मात्र वाद असण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने आदेश देऊन आपले काम केले आहे. शासनाने आता नियम करावेत, संस्थाचालकांनी ते पाळावेत आणि शिक्षकांनी वर्गात टिंगलीचा पहिला शब्द उच्चारला जाताच तो तेथल्या तेथे थांबवावा. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला त्या दिवशी निदान एवढे तरी कळेल, की या खोलीतील एक मोठे माणूस आपल्या बाजूचे आहे.